नाथसागराची पंगत

मुलांनो, आधी एक कोडं घालते. ताट एकच, जेवणारे शेकडो. कुणी बोटभर खोलीतलं खातो, कुणी वीतभर, कुणी हातभर, तर कुणी थेट तळाशी बुडी मारून! सगळे एकाच वेळी जेवायला बसतात, पण सहसा कुणी कुणाच्या घासाला तोंड लावत नाही. सांगा पाहू, ही पंगत कुठं बसते?

नाही सुचत? बरं, आणखी एक खूण देते. ही पंगत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बसते. अहमदनगर म्हणून तुमचे आजी-आजोबा ओळखतात ना, त्याच जिल्ह्यात. दिवाळीच्या सुमारास पानं मांडायला सुरुवात होते आणि होळीनंतर पाहुणे एकेक करून उठायला लागतात.

हं, आता काहींनी ओळखलं असेल. ही पंगत नाथसागराची! जायकवाडी धरणाच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. धरणाची भिंत पैठणला आहे आणि पैठण हे संत एकनाथ महाराजांचं गाव, म्हणून हे नाव. पण पाणी काही पैठणला थांबत नाही. ते मागं मागं पसरत आपल्या शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत शिरतं. नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाताना प्रवरासंगमाचा पूल लागतो. तिथं खिडकीतून जे पसरलेलं पाणी दिसतं, तेही याच धरणाच्या फुगवट्याचं.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. आमच्याकडे लहानपणी पाणी म्हणजे टँकरमागे धावायची गोष्ट होती. डी.एड. होऊन इकडे नोकरी लागली आणि पहिल्यांदा नाथसागर पाहिला, तेव्हा मी नुसती उभी राहिले. पलीकडचा काठच दिसेना! वर्गातली मुलं मला हसली. "बाई, तुम्ही पाणी पाहिलं नाही का कधी?" खरं सांगायचं तर एवढं नव्हतंच पाहिलं. मग त्याच मुलांनी मला पाणी दाखवलं आणि पाण्यावरची पाखरंही. म्हणजे या विषयात मी त्यांची विद्यार्थिनी, बरं का!

आधी थोडी माहिती करून घेऊ. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मातीच्या भिंतीची लांबी सुमारे १० किलोमीटर आणि पाणी सोडायला २७ दरवाजे. गंमत म्हणजे जायकवाडी हे गाव इथं नाहीच, ते बीड जिल्ह्यात आहे. आधी धरण तिथं बांधायचं ठरलं होतं. नंतर जागा बदलली, पण नाव तेच राहिलं!

भरलेल्या धरणाचं पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. पण ते डोंगरातल्या धरणासारखं खोल विहिरीगत नाही. इथली जमीन सपाट, म्हणून पाणी परातीत ओतल्यासारखं पसरतं. या पसरटपणाचा माणसाला तोटाच होतो, कारण उन्हानं पाण्याची वाफ फार होते. पाखरांना मात्र हीच परात हवी असते. धरण झाल्यावर दहाच वर्षांत, १९८६ साली, सरकारनं हे पाणी आणि काठ पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. या अभयारण्यात २०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे आणि त्यांतल्या सुमारे ७० जाती बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी पाखरं एकाच पाण्यावर कशी जगतात? भांडणं होत नाहीत? आमच्या चौथीच्या वर्गालाही हाच प्रश्न पडला. म्हणून आम्ही एक तक्ता केला. फूटपट्टीची मापं नको म्हटलं, आपली घरची मापं घेऊ. बोट, वीत, हात आणि पुरुष. पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली. विहीर किती पुरुष खोल आहे, असं आजोबा विचारतात ना, तेच माप. चला, या मापांनी पंगतीतून एक फेरी मारू.

पहिली रांग काठावरच्या ओल्या चिखलाची. इथं धोबी पक्षी शेपटी वरखाली करत तुरुतुरु पळतो आणि किडे टिपतो. टिटवी इथलीच रखवालदार. आपण शंभर पावलांवर असलो तरी 'टिटीव टिटीव' करून साऱ्या पंगतीला वर्दी देते.

दुसरी रांग बोटभर पाण्याची. इथं तुतवार. सारखं शेपूट हलवत, टोकदार चोचीनं चिखल टोचत चालतो. चोच म्हणजे जणू त्याची सुई.

तिसरी रांग वीतभर पाण्याची. इथं शेकाट्या. काळे-पांढरे कपडे आणि खाली लांबच लांब गुलाबी-लाल पाय! आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, हा तर उरसातला बांबूवरचा माणूस!" पायच एवढे लांब, की जिथं तुतवाराचं पोट भिजेल तिथं हा आरामात फिरतो. म्हणजे दोघांचं ताट वेगळं झालं की नाही?

चौथी रांग हातभर पाण्याची. इथं मोठी मंडळी. चमचा नावाच्या पांढऱ्या पक्ष्याची चोच खरोखर चमच्यासारखी असते. ती अर्धवट उघडी पाण्यात घालून तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे घुसळत चालतो. आजी ताक घुसळते तसा! चोचीत काही आलं की खटकन मिटतो. चित्रबलाक चोच उघडी ठेवून उभा राहतो आणि माशाचा स्पर्श झाला की झडप घालतो. राखी बगळा मात्र पुतळ्यासारखा स्तब्ध. मुग्धबलाकाची तऱ्हा आणखी निराळी. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. जणू काही सांगता सांगता थांबलाय! या चोचीनं तो शिंपल्यातल्या आणि शंखातल्या गोगलगायी बाहेर काढतो. शंख फोडण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. टोक आत घालून आतला मऊ जीव अलगद ओढून घेतो. अडकित्त्यापेक्षा चिमटा बरा!

पाचवी रांग तरंगणाऱ्यांची. थापट्या बदकाची चोच थापीसारखी रुंद. तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी आत घ्यायचं, दात्यांतून बाहेर सोडायचं आणि उरलेले सूक्ष्म जीव गट्टम करायचे. चोच कसली, चाळणीच ती! तलवार बदकाची मान लांब. ते शेपूट आभाळाकडे करून अर्धं अंग पाण्यात बुडवतं आणि तळातल्या वनस्पती, बिया खातं. म्हणजे थापट्या वरची साय खातो आणि तलवार बदक खालची खरवड. हळदीकुंकू बदक तर आपल्या घरचंच. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचं पिवळं बोट आणि बुडाशी, कपाळाजवळ, कुंकवाचे दोन ठिपके. आणि वारकरी? सारं अंग काळं आणि कपाळावर पांढराशुभ्र गंध! थव्यानं पाण्यावर निघाले की दिंडीच चाललीय असं वाटतं. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्याला नमस्कार.

सहावी रांग पुरुषभर खोल पाण्याची. इथं बुडी मारणारे लागतात. टिबुकली एवढीशी, पण 'डुबुक' करून जाते आणि आपण बघतो तिथं वर येतच नाही. भलतीकडेच डोकं काढते. पाणकावळा पाण्याखाली माशामागे पोहतो आणि नंतर दगडावर पंख पसरून वाळवत बसतो, दांडीवर कोट टाकावा तसा.

सातवी रांग हवेतली! कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि नेम धरून सूर मारतो. नदी सुरय पाण्यावरून गस्त घालतो.

बघा, पाणी एकच. पण पाय, मान आणि चोच वेगवेगळी, म्हणून प्रत्येकाचं पान वेगळं. शाळेत आपण 'जैवविविधता' असा जड शब्द पाठ करतो. तो मला या तक्त्यानं समजला. विविधता म्हणजे नुसती गर्दी नव्हे. प्रत्येकाला जमेल अशी जागा असणं आणि प्रत्येकानं आपल्या जागेवर बसणं, म्हणजे विविधता.

पण पंगत म्हटली की स्वयंपाक आला. तो कोण करतं? पाण्याखालच्या वनस्पती. आपण त्यांना सरसकट 'शेवाळं' म्हणून नाक मुरडतो. पण त्यात किती प्रकार! स्पायरोगायरा म्हणजे हिरव्या केसांसारखं बुळबुळीत शेवाळ. कारा हेही शेवाळच, पण दिसायला झुडपासारखं. हायड्रिला तर तुम्ही पुढं विज्ञानाच्या तासाला भेटालच. काचेच्या नरसाळ्याखाली ठेवून उन्हात धरलं की प्राणवायूचे बुडबुडे सोडतं, तेच ते.

माझी आवडती मात्र व्हॅलिस्नेरिया. हिची पानं फितीसारखी लांब, पाण्यात लहरणारी. हिच्या लग्नाची गोष्ट ऐका. मादीफूल लांब देठावर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर येतं. नरफुलं इवलीशी, ती तळाशी रोपावरून सुटतात आणि तरंगत वर येतात. वाऱ्यानं, लाटेनं वाहत वाहत मादीफुलाला जाऊन टेकतात. परागीभवन झालं की तो लांब देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फळाला परत पाण्याखाली ओढून नेतो. ना मधमाशी, ना फुलपाखरू. सगळं काम पाण्यानंच केलं!

या वनस्पतींत किडे, गोगलगायी, कोळंबी वाढतात. माशांची पिलं लपतात. मरळ मासा तर अशा झाडोऱ्यातच अंडी घालतो आणि आई-बाप पिलांची राखण करतात. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेल इतक्या उथळ पाण्यातच या वनस्पती नीट वाढतात. म्हणजे नाथसागर कितीही मोठा असला, तरी त्याची चूल पेटते ती कडेच्या उथळ पाण्यात. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता पाहुण्यांकडे वळू. पट्टकदंब हा हंसाच्या जातीचा पक्षी. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे त्याची पिलं होतात आणि हिवाळ्यात तो हिमालय ओलांडून भारतात उतरतो. उडताना तो ७,००० मीटरच्याही वर गेल्याची नोंद शास्त्रज्ञांनी यंत्र लावून केली आहे. चक्रवाकही लडाख-तिबेटकडचा. कांड्या करकोचा मंगोलिया आणि मध्य आशियातला. गुलाबी रोहित, ज्याला अग्निपंखही म्हणतात, तोही येतो. तो चोच उलटी करून जेवतो आणि जिभेनं पाणी आत-बाहेर ढकलत अन्न गाळतो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो.

पाहुण्यांबद्दल शिकवताना वर्गात एकदा अशी गोष्ट घडली, की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'स्थलांतर : अन्नासाठी ठरावीक काळात दूर जाणे व परत येणे.' एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मग आम्हीपण स्थलांतरच करतो की!" आमच्या भागातून बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन निघायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. म्हणजे काठावर पाखरं उतरू लागतात, त्याच दिवसांत माझ्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरी पडायला लागते. वर्ग गप्प झाला. मीही. मग ती मुलगी म्हणाली, "पण पाखरांना आपलं गाव आवडतं म्हणजे आपलं गाव चांगलंच असणार ना?" ती त्या वर्षी आजीजवळ राहिली आणि शाळेच्या वहीत रोज पाखरं मोजायची. मार्चमध्ये आई-बाप परतले, तेव्हा तिनं त्यांना ती वही दाखवली. "तुम्ही नव्हता तेव्हा कोण कोण येऊन गेलं बघा."

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. तो तिच्याच बाकावरच्या मुलानं विचारला. "आमच्या आजीचं गाव पाण्यात गेलं. पाखरांना अभयारण्य दिलं. आजीला काय दिलं?"

मुलांनो, हे धरण बांधताना शंभराहून अधिक गावं हलली. शेतं, विहिरी, देवळं, खेळायच्या जागा पाण्याखाली गेल्या. दुष्काळात पाणी फार खाली जातं तेव्हा जुन्या भिंतींचे अवशेष उघडे पडतात. २०१३, २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत तर धरणाचा जिवंत साठा संपला होता. तेव्हा म्हातारी माणसं काठावर जाऊन 'इथं आमची वेस होती' असं नातवंडांना दाखवायची.

त्या मुलाला देण्यासारखं तयार उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणून आम्ही आजीलाच शाळेत बोलावलं. तिनं फरशीवर खडूनं जुनं गाव काढलं. इथं मारुती, इथं लिंब, इथं बारव. पोरं भोवती कोंडाळं करून बसली. शेवटी नातवाच्या प्रश्नावर ती म्हणाली, "पाखरांनी थोडंच गाव बुडवलं, बाळा? ती बी पोटासाठीच आली. गाव गेलं ते गेलं. आता तिथं निदान कुणीतरी नांदतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पण आमचं नाव बी सांगत जा पोरांना."

म्हणून सांगते. नाथसागरावर पाखरं बघायला जाल, तेव्हा त्या पाण्याखाली गावं आहेत हे विसरू नका.

आता ते मघाचं वाक्य आठवा. चूल पेटते ती कडेच्या उथळ पाण्यात. आणि सगळ्यात जास्त घाव बसतात तेही तिथंच! पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पिकं घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. गाळाची जमीन कसदार आणि ज्यांची शेतं बुडाली त्यांच्या पोटाचा तो आधार. पण त्यावर मारलेली कीटकनाशकं पुढच्या पावसात थेट पाण्यात जातात. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांत मासे वाढायच्या आधीच पिलं सापडतात, मग पुढं मोठा मासा ना भोयाच्या जाळ्यात येतो, ना बगळ्याच्या चोचीत. तुटलेली नायलॉनची जाळी काठावर टाकली की तिच्यात टिबुकलीसारखे पक्षी गुरफटतात. वरून येणाऱ्या सांडपाण्यानं जलपर्णी माजते, पाण्यावर गोधडी पांघरते आणि खालच्या वनस्पतींचा उजेड तोडते. काठावर बेशरम वाढते, तिला तर शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही.

यात एक गोष्ट ध्यानात आली का? माणसं आणि पाखरं यांचं इथं भांडण नाही. जी कड पाखरांना हवी, तीच मासेमारी करणाऱ्यांनाही हवी. कड मेली तर दोघांचीही चूल विझेल. आमच्या शाळेतल्या भोयांच्या मुलांना हे न शिकवता कळतं. कुठल्या झाडोऱ्यात मरळीची पिलं आहेत, तिथं जाळं टाकायचं नाही, हे त्यांच्या घरात सांगितलं जातं.

आणखी एक आशेची गोष्ट. याच गोदावरीवर वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे. तेही माणसानं बांधलेल्या बंधाऱ्यामुळे झालेलं पाणथळ. २०२० च्या जानेवारीत त्याला जागतिक महत्त्वाचं रामसर स्थळ म्हणून जाहीर करण्यात आलं, महाराष्ट्रातलं ते पहिलंच! माणसानं केलेलं पाणीही पाखरं आपलं मानतात, माणसानं ते जपलं तर.

आता तुमचं काम. तुमच्या गावात नाथसागर नसेल, पण पाझर तलाव असेल, ओढ्याचा डोह असेल, निदान विहिरीचं सांडपाणी असेल. हिवाळ्यात एका रविवारी सकाळी लवकर तिथं जा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जा आणि पाण्यात उतरू नका. भडक कपडे नकोत, आरडाओरडा नको. गलोल असेल तर ती घरीच राहू द्या. पक्ष्यांना मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. दुर्बीण नसली तरी चालेल. वहीत चार रकाने आखा : बोट, वीत, हात, पुरुष. कोण कुठं जेवतोय ते लिहा. नाव माहीत नसेल तर पाय, चोच, रंग लिहा आणि गावातल्या मासे धरणाऱ्याला किंवा गुराख्याला विचारा. त्यांच्याकडची नावं बहुधा पुस्तकातल्यापेक्षा गोड असतात. तीही लिहून ठेवा. नाहीतर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' वाचनालयात मिळाला तर चाळून बघा.

पालकांनाही एक विनंती. मुलं चिखलाचे पाय घेऊन घरी आली तर रागावण्याआधी त्यांची वही बघा.

आणि हो, वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा. त्यावर आजी-आजोबांना विचारून लिहा, की हे पाणी यायच्या आधी इथं काय होतं, आणि आधीही पाणीच होतं तर तेव्हा कोणकोणती पाखरं येत होती. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी जा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. पंगतीतलं कुणी कमी झालंय का? कुणी नवं आलंय का? आमच्या वर्गाची तिसरी वही आता चालू आहे. तुमची पहिली कधी सुरू करताय?